लंडनहून एका दिवसाची सहल : आधी स्थानक, मग गाव

लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांत दोन प्रकार ठळकपणे दिसतात. पहिल्या प्रकारात सहल कंपनीबरोबर आठ-दहा दिवसांत युरोप पाहणारे लोक येतात. दुसऱ्या प्रकारात मुला-मुलींकडे महिना-दीड महिना राहावयास जाणारे आई-वडील असतात. पहिल्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. दुसऱ्यांच्या हाती मात्र वेळ असतो, पण तो कसा वापरावा याचे नेमके मार्गदर्शन नसते. मुलगा-सून नोकरीवर, नातवंडे शाळेत आणि बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम पहिल्या आठवड्यातच पाहून झालेले. अशा वेळी 'लंडनबाहेर कुठे जावे?' हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे सोपे उत्तर म्हणून विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात दाखविणाऱ्या बससहलीचे तिकीट काढले जाते. नकाशावर हा बेत सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात या फेरीत साडेतीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो आणि दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीतच जातो. प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास मिळतो, त्यातला बराच वेळ स्वच्छतागृह आणि प्रवेशद्वारापुढील रांगेत सरतो. साठी ओलांडलेल्या व्यक्तीसाठी हा प्रवास आयुष्यात बहुधा एकदाच घडणारा असतो. तो असा धावपळीत संपू नये, यासाठी एकच नियम पाळणे पुरेसे आहे. तो नियम म्हणजे एका दिवशी एकच दिशा आणि एकच गाव.

स्थानकांची गुंतागुंत आणि तिचे कारण

लंडनला मध्यवर्ती असे एकच रेल्वेस्थानक नाही. शहराच्या मध्यभागाभोवती डझनभर टर्मिनस कड्यासारखी पसरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी आपापले मार्ग टाकले व प्रत्येकीने आपले स्वतंत्र स्थानक बांधले. १८४६ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने शहराच्या मध्यभागात लोहमार्ग आणू नयेत, अशी शिफारस केल्याने बहुतेक स्थानके कडेलाच राहिली. मुंबईकरांना हे समजणे अवघड नाही. 'जीआयपी' आणि 'बीबीसीआय' या दोन कंपन्यांमुळे बोरीबंदर आणि चर्चगेट ही दोन टोके मुंबईत निर्माण झाली, तसाच हा प्रकार आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की सहलीचे गाव ठरविताना आपण राहतो तेथून कोणते टर्मिनस जवळ आहे, हे प्रथम पाहावे. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्यांना पॅडिंग्टन सोयीचे, तर दक्षिणेकडे राहणाऱ्यांना व्हिक्टोरिया किंवा वॉटर्लू. मुख्य स्थानके आणि तेथून जाता येण्याजोगी ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत. वेळ जलद गाडीचा व अंदाजे दिला आहे.

पॅडिंग्टन : ऑक्सफर्ड (सुमारे एक तास), बाथ (दीड तासाच्या आत), ब्रिस्टल (पावणेदोन तास), स्लाऊ येथे गाडी बदलून विंडसर (पाऊण तासाच्या आसपास).
वॉटर्लू : विंडसर (सुमारे एक तास, गाडी न बदलता), सॉल्झबरी (दीड तास), वोकिंग (अर्धा तास), हॅम्प्टन कोर्ट (पाऊण तासाच्या आत).
किंग्ज क्रॉस : केंब्रिज (सुमारे पन्नास मिनिटे).
व्हिक्टोरिया : ब्रायटन (सुमारे एक तास).
सेंट पँक्रस : कँटरबरी (अतिजलद गाडीने सुमारे एक तास).
मेरिलबोन : शेक्सपिअरचे जन्मगाव स्ट्रॅटफर्ड (दोन तासांहून थोडे अधिक).

दिवसाचा हिशेब

गाडीचा प्रवास एक तासाचा असला, तरी घर ते मुक्कामाचे ठिकाण हे अंतर एका तासात कापले जात नाही. घरातून निघून टर्मिनसपर्यंत पोहोचणे, फलाट शोधणे आणि उतरल्यावर गावाच्या मध्यभागी जाणे, या सर्वांचा विचार केल्यास जाताना दोन आणि येताना दोन असे चार तास धरावे लागतात. सकाळी नऊला निघून संध्याकाळी सातला परतायचे असेल, तर प्रत्यक्ष पाहण्यासाठी सहा तास उरतात. एका गावासाठी हा वेळ उत्तम आहे, दोन गावांसाठी अपुरा. दीड तासाहून अधिक अंतरावरील ठिकाण असेल, तर तेथे एक रात्र मुक्काम करण्याचा विचार अवश्य करावा.

या हिशेबात ऋतूही धरावा लागतो. जूनमध्ये लंडनला रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो. याउलट डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. किल्ले, बागा आणि खुली स्मारके हिवाळ्यात लवकर बंद होतात. म्हणून हिवाळ्यातील सहलीसाठी संग्रहालये असलेले ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज बरे, तर स्टोनहेंज आणि समुद्रकिनारा उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा. नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबरला, ब्रिटनमधील रेल्वे बंद असते आणि दुसऱ्या दिवशीही बहुतांश मार्गांवर गाड्या धावत नाहीत.

तिकिटाचे शास्त्र

ब्रिटनमधील रेल्वेप्रवास महाग असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी असली, तरी त्याच गाडीत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी दिलेल्या भाड्यात मोठी तफावत असू शकते. त्यामुळे तिकिटांचे तीन प्रकार समजून घेणे हिताचे ठरते. 'ॲडव्हान्स' तिकीट आधी काढल्यास स्वस्त पडते, पण ते ठरावीक गाडीपुरतेच चालते. गाडी चुकली, तर तिकीट वाया जाते. 'ऑफ-पीक' तिकीट गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालते. 'एनीटाइम' तिकिटाला वेळेचे बंधन नसते, पण ते सर्वांत महाग असते.

एका दिवसाच्या सहलीसाठी ऑफ-पीक परतीचे तिकीट बहुधा सर्वांत योग्य ठरते. सोमवार ते शुक्रवार सकाळची गर्दीची वेळ साधारण साडेनऊला संपते. काही मार्गांवर संध्याकाळी लंडनहून सुटणाऱ्या गाड्यांनाही निर्बंध असतात. शनिवार-रविवारी मात्र दिवसभर हे तिकीट चालते. अनेक मार्गांवर परतीचे तिकीट एकेरी तिकिटापेक्षा किंचितच महाग असते, त्यामुळे दोन एकेरी तिकिटे काढण्यापूर्वी तुलना करावी.

सवलतपत्रे अर्थात 'रेलकार्ड' ही परदेशी पर्यटकांनाही मिळतात, हे अनेकांना ठाऊक नसते. साठ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी 'सीनियर रेलकार्ड', एकत्र प्रवास करणाऱ्या दोघांसाठी 'टू टुगेदर' आणि मुलांसह जाणाऱ्या कुटुंबांसाठी 'फॅमिली अँड फ्रेंड्स' अशी कार्डे आहेत. वर्षभराच्या कार्डाला तीस-पस्तीस पौंड पडतात व मोठ्यांच्या भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. आई-वडिलांनी दोन-तीन सहली केल्या, तरी ही रक्कम वसूल होते. तीन ते नऊ जण एकत्र असल्यास काही कंपन्यांच्या गाड्यांत 'ग्रुपसेव्ह' नावाची सवलत कार्डाशिवायही मिळते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि पाच ते पंधरा वयाच्या मुलांना अर्धे भाडे पडते.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेसाठी वापरले जाणारे 'ऑयस्टर' कार्ड हॅम्प्टन कोर्टपर्यंत चालते. ऑक्सफर्ड, केंब्रिज वा ब्रायटनला ते चालत नाही. तेथे ते घेऊन उतरल्यास दंड भरण्याची वेळ येऊ शकते.

ब्रायटन : समुद्र आणि स्मृती

मराठी वाचकांना ब्रायटनचे नाव स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळे परिचित आहे. 'सागरा प्राण तळमळला' हे काव्य त्यांना १९०९ मध्ये येथील किनाऱ्यावर स्फुरले. मात्र किनाऱ्यावर वाळू अपेक्षिणाऱ्यांची निराशा होते, कारण येथे सर्वत्र गोटे पसरलेले आहेत. चपलेऐवजी बूट घालून जाणे बरे.

स्थानकापासून सरळ उताराच्या रस्त्याने पंधरा मिनिटांत समुद्र गाठता येतो. वाटेत थोडे डावीकडे वळल्यास 'रॉयल पॅव्हेलियन' हा राजवाडा लागतो. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजासाठी वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात त्याला आजचे घुमट-मिनारांचे भारतीय धाटणीचे रूप दिले. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत, पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी येथे रुग्णालय चालविले गेले. सैनिकांचे धर्म व चालीरीती लक्षात घेऊन स्वतंत्र स्वयंपाकघरे आणि पाण्याचे वेगळे नळ ठेवण्यात आले होते. राजवाड्याच्या दक्षिणेकडील प्रवेशद्वार भारताने कृतज्ञतेपोटी दिलेली भेट असून पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते १९२१ मध्ये त्याचे अनावरण झाले.

या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची 'छत्री' उभारण्यात आली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे उद्घाटन झाले. तेथे गाडी जात नाही. पॅचम या उपनगरापासून माळरानातून चालावे लागते आणि पावसात वाट निसरडी होते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी राजवाडा व किनारा यांवर समाधान मानावे. चालू शकणाऱ्यांनी मात्र दुपारचे दोन-तीन तास या जागेसाठी ठेवावेत. पर्यटकांच्या गर्दीपासून दूर, भोवती मेंढ्यांची कुरणे आणि समोर समुद्र, अशा ठिकाणी ही छत्री उभी आहे.

केंब्रिज आणि ऑक्सफर्ड

ही दोन्ही विद्यापीठनगरे एकाच दिवसात पाहण्याचा मोह टाळावा. दोन्ही शहरे लंडनहून वेगवेगळ्या दिशांना आहेत. एकाचीच निवड करायची झाल्यास, नदीकाठची हिरवळ व निवांतपणा आवडणाऱ्यांनी केंब्रिज आणि संग्रहालये व जुन्या इमारतींची दाटी आवडणाऱ्यांनी ऑक्सफर्ड निवडावे.

केंब्रिजचे स्थानक शहराच्या मध्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे, त्यामुळे बसने जावे. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर हे येथील मुख्य आकर्षण. १४४६ मध्ये सुरू झालेले त्याचे काम १५१५ पर्यंत चालले. दगडी पंख्यांसारखे दिसणारे त्याचे छत पाहण्यासारखे आहे. सत्र चालू असताना संध्याकाळी तेथे होणारी गायनप्रार्थना विनामूल्य ऐकता येते. जवळच्याच सेंट जॉन्स कॉलेजात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकले. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीच्या या विद्यार्थ्याला महाराष्ट्र पुढे 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखू लागला. कोल्हापूरला जन्मलेले आणि २०२५ मध्ये निधन पावलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनीही येथेच फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. परीक्षांच्या काळात, साधारण एप्रिल ते जूनमध्ये, अनेक महाविद्यालये पर्यटकांसाठी बंद असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक आहे.

ऑक्सफर्डला स्थानकापासून चालत मध्यभागी जाता येते. तेथील अॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये सुरू झाले असून प्रवेश विनामूल्य आहे. बोडलियन ग्रंथालय आणि ख्राइस्ट चर्च कॉलेज यांना मात्र आधी तिकीट काढून जावे. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये येथील समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्या महिला. १८९२ मध्ये त्यांनी परीक्षा दिली, पण तेव्हा स्त्रियांना पदवी दिली जात नसल्याने ती हाती पडण्यास तीस वर्षे लागली.

ऑक्सफर्डला जाण्यासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया परिसरातून दिवसरात्र बसही सुटतात. त्या रेल्वेपेक्षा स्वस्त असल्या, तरी वाहतुकीमुळे दोन तास वा अधिक वेळ लागू शकतो.

विंडसर, बाथ आणि स्टोनहेंज

विंडसरचा किल्ला अकराव्या शतकात विल्यम द काँकरर याने बांधावयास घेतला. १९९२ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि पाच वर्षांनी तो पूर्ववत झाला. राणी दुसरी एलिझाबेथ यांचे २०२२ मध्ये येथील सेंट जॉर्ज चॅपलमध्ये दफन करण्यात आले. किल्ला सर्वसाधारणपणे मंगळवारी व बुधवारी बंद असतो आणि चॅपल रविवारी पर्यटकांसाठी खुले नसते. त्यामुळे गुरुवार ते शनिवार किंवा सोमवार हे दिवस निवडावेत. थकवा आणणारा प्रवास नको असलेल्यांसाठी ही सर्वांत सोपी सहल.

बाथला रोमन काळातील स्नानगृहे असून तेथील झऱ्याचे पाणी ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे आहे. पुरातन कुंडात उतरण्यास मनाई आहे. गरम पाण्यात डुंबण्याची इच्छा असलेल्यांसाठी जवळच आधुनिक स्नानगृह आहे. बाथहून गाडीने पंधरा मिनिटांच्या आत ब्रिस्टल येते. राजा राममोहन रॉय यांचे १८३३ मध्ये तेथे निधन झाले व अर्नोस व्हेल दफनभूमीत त्यांच्या समाधीवर १८४३ मध्ये भारतीय शैलीची छत्री उभारण्यात आली. ही दोन्ही गावे एकाच मार्गावर असल्याने बाथला एक रात्र राहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी ब्रिस्टल करता येते.

स्टोनहेंजला रेल्वेस्थानक नाही. वॉटर्लूहून सॉल्झबरीला उतरून तेथून पर्यटक बसने जावे लागते. शिळांच्या वर्तुळाभोवती आखलेल्या वाटेवरूनच त्या पाहाव्या लागतात, नेहमीच्या तिकिटावर आत जाता येत नाही. प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी. परतताना सॉल्झबरीचे कॅथीड्रल चुकवू नये. त्याचा १२३ मीटरचा मनोरा ब्रिटनमधील कॅथीड्रलांत सर्वांत उंच असून १२१५ च्या 'मॅग्ना कार्टा'च्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक येथे ठेवलेली आहे.

अर्ध्या दिवसाची वाट : वोकिंग आणि ब्रुकवुड

सहल कंपन्यांच्या यादीत न आढळणारे, पण भारतीयांनी पाहावे असे एक ठिकाण वॉटर्लूहून पाऊण तासाच्या आत आहे. ब्रुकवुड येथील दफनभूमी १८५४ मध्ये सुरू झाली. लंडनहून शवपेट्या आणण्यासाठी तिला स्वतंत्र रेल्वेसेवा होती. तिच्या पारशी विभागात जमशेटजी टाटा आणि त्यांचे पुत्र सर दोराबजी व सर रतन यांच्या समाध्या आहेत. जमशेटजींचे १९०४ मध्ये जर्मनीत निधन झाले व त्यांना येथे आणण्यात आले. मुंबईचे ताजमहाल हॉटेल उभारणाऱ्या माणसाचे चिरविश्रांतीस्थान इंग्लंडमधील एका शांत रानात आहे, हे अनेक मुंबईकरांनाही माहीत नसते. अलीकडच्याच वोकिंग स्थानकाजवळ १८८९ मध्ये बांधलेली शहाजहान मशीद आहे. भोपाळच्या बेगमेच्या देणगीतून उभी राहिलेली ही वास्तू मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधील पहिली इमारत होय. ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंगलाच झाले होते.

निघण्यापूर्वी

सहलीच्या आदल्या रात्री 'नॅशनल रेल'च्या संकेतस्थळावर गाड्यांची स्थिती पाहावी. शनिवार-रविवारी व सार्वजनिक सुटीला रुळांची दुरुस्ती काढली जाते आणि गाडीऐवजी बस सोडली जाते. तासाभराचा प्रवास मग दोन-अडीच तासांचा होतो. संध्याकाळच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. मोबाइलची बॅटरी संपली, तरी कागद उपयोगी पडतो.

मोठ्या टर्मिनसवर गाडीचा फलाट सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच फलकावर झळकतो. त्यामुळे ज्येष्ठांनी फलकासमोरील बाकांजवळ थांबावे. काही गाड्या वाटेत दोन भागांत विभागल्या जातात. कोणत्या डब्यात बसायचे, याची घोषणा लक्षपूर्वक ऐकावी. गाडीला बराच उशीर झाल्यास भाड्याचा काही भाग परत मिळतो, त्यासाठी तिकीट जपून ठेवावे.

पोळी-भाजी किंवा दशम्यांचा डबा बरोबर असल्यास खर्च व वेळ दोन्ही वाचतात. गाडीत डबा उघडण्यास कोणी हरकत घेत नाही. छत्रीऐवजी टोपीचा पावसाळी कोट न्यावा. किनाऱ्यावरील वाऱ्यात छत्री टिकत नाही.

लंडनहून पॅरिसला युरोस्टार गाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येते, म्हणून तेही एका दिवसात उरकावे, असे काहींना वाटते. भारतीय पारपत्रधारकांना त्यासाठी स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो आणि परत येण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. ही व्यवस्था भारतातून निघण्यापूर्वीच करावी. वेल्समधील कार्डिफला मात्र ब्रिटनच्याच व्हिसावर दोन तासांच्या आत जाता येते.

महिनाभराच्या मुक्कामात आठवड्याला एक, अशा चार सहली पुरेशा आहेत. पहिली जवळची, म्हणजे विंडसर किंवा हॅम्प्टन कोर्टची ठेवावी. तीत स्थानक, फलाट आणि तिकिटाची पद्धत अंगवळणी पडते. दुसऱ्या सहलीला आई-वडील मुलांची सुटी पाहत थांबत नाहीत, मधल्या वारी डबा घेऊन दोघेच निघू शकतात.